पूजेला मांडलेला फोन

आमच्या घरात तलवार आहे, हे आमच्यापैकी कुणीही पाहुण्याला चहा यायच्या आधीच सांगून टाकतो. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, संस्थान गेलं, घोडे तर केव्हाच गेले. तलवार राहिली आणि ताठा राहिला. ती तलवार माझ्या मोठ्या भावाकडे, दादाकडे असते. नागरवाड्यात तिसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट आहे, तिथल्या लोखंडी कपाटात ती लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तिला बाहेर काढायचं, तेलाचा हात फिरवायचा, पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायचं आणि दसरा झाला की परत फडक्यात गुंडाळायचं.

आम्ही लहान असताना तलवारीशेजारी आईची विळी असायची, अडकित्ता असायचा, वडिलांचा हातोडा असायचा. ज्याच्यावर घर चालतं ते हत्यार, इतकी साधी गोष्ट. आणि एकदा पूजेला मांडलं की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मी प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपच्या ऑफिसात नोकरी करते आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये एकटी राहते. आमच्याकडेही दसऱ्याला लेथ मशिनींच्या गळ्यात हार पडतात आणि त्या दिवशी कुणी बटण दाबत नाही. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस सुट्टी मिळते, म्हणून मला ही प्रथा मनापासून आवडते.

दादाला मात्र काही वर्षांपूर्वी एक नवी हुक्की आली. घरातले सगळे फोन पाटावर मांडायचे. "हवे हेच आपलं हत्यार!" असं तो म्हणतो आणि आपल्याच विनोदावर हसतो. (गुजराती शेजारात पिढ्या गेल्यामुळे आमच्या मराठीत 'आता'ला 'हवे' म्हणतात.) त्याआधी तो तलवारीचा, पाटाचा आणि नटूनथटून उभ्या राहिलेल्या आम्हा सगळ्यांचा फोटो काढून, चार ओळी लिहून जगाला दाखवतो. मग स्वतःचा फोन पाटावर ठेवून हात जोडतो.

हे सगळं सांगतेय ते माझ्या भाचीसाठी. दादाची धाकटी. त्या वर्षी ती नववीत होती.

तिला हात काढायचं वेड आहे. माणसांचे हात. पाटावर फाफड्याचं पीठ ओढणाऱ्या फरसाणवाल्याचा तळवा, भाजीवालीची नखं, स्कूटरच्या ब्रेकवरची माझी बोटं. हे वेड लागलं कुठून, तर जेव्हा शाळा बंद होत्या आणि वर्ग फोनवर भरत होते तेव्हा. मास्तरांचा आवाज अडकत अडकत यायचा, तेवढ्या वेळात ही दुसरीकडे जाऊन चित्रं कशी काढतात ते बघायची. मग तिने स्वतःचं अकाउंट उघडलं आणि चित्रं टाकायला लागली. कुठल्या कुठल्या गावची पोरं तिला सांगायची, अंगठ्याचा सांधा चुकलाय, जरा खाली घे. ही खोडायची, पुन्हा काढायची, पुन्हा टाकायची. शाळेत चित्रकलेचा तास असतो, पण त्या तासाला गणिताच्या बाई येऊन बसतात. त्यामुळे पोरीचे खरे शिक्षक त्या फोनमध्येच होते. दहावी-बारावी झाली की इथल्या चित्रकलेच्या कॉलेजात जायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. सयाजीगंजमध्ये हॉस्टेलची मुलं जिथे कागद घेतात, त्याच दुकानातून कागद घ्यायचा तिचा हट्ट असायचा आणि मीच तिला मागे बसवून घेऊन जायची. दुकानात ती त्या मोठ्या मुलामुलींकडे अशी बघायची की मला हसू यायचं.

आता तिच्या फोनचे कायदे ऐका. दादाच्या घरात दोन मुलं आहेत. थोरला इंजिनिअरिंगला. त्याचा फोन त्याच्या अंगठ्याशिवाय उघडत नाही, तो दार लावून आत काय बघतो हे कुणी विचारत नाही. "मुलगा आहे." संपलं. धाकटीच्या फोनला लॉक लावायचं नाही. फोन टेबलावर उघडा पडलेला पाहिजे, येणाऱ्याजाणाऱ्याने उचलून बघितला पाहिजे. "लपवण्यासारखं काही नसेल तर लॉक कशाला?" हा दादाचा प्रश्न. मी एकदा विचारलं होतं, "दादा, तू न्हाणीघराला कडी लावतोस, ती काय लपवायला?" त्यावर तो आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता.

तर ती खंडेनवमी. दुपारची वेळ. वहिनींनी दुसऱ्या दिवसाच्या श्रीखंडासाठी चक्का टांगला होता. आमचे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, जरीची टोपी घालून पाटासमोर बसले होते. पूजेचा मान त्यांचा. पाटावर मधोमध तलवार, एका बाजूला दोन स्कूटरच्या किल्ल्या, थोरल्याचा लॅपटॉप, आणि दुसऱ्या बाजूला ओळीने फोन. प्रत्येकावर कुंकवाचा ठिपका, वर झेंडूचं फूल. धाकटीने आपल्या पेन्सिलीही आणून ठेवल्या होत्या. काका म्हणाले, "हे काय हत्यार आहे का?" आणि त्यांनी त्या पाटाखाली सरकवल्या. मी त्या उचलून परत पाटावर ठेवल्या.

आरती सुरू झाली. दादाच्या हातात तबक. आणि फोनांच्या ओळीतला एक फोन उजळला. तिचा.

फोनला लॉक नाही, मेसेज झाकायची सोय केलेली नाही, कारण झाकायचं काही नाही असा कायदा. फूल जरासं बाजूला सरकलं होतं आणि अक्षरं सगळ्यांना दिसत होती. गुजरातीत लिहिलेलं. "गई काले ब्लू चणियाचोळीमां मस्त लागती हती." काल निळ्या घागराचोळीत मस्त दिसत होतीस. आदल्या दिवशी गरब्याला ती निळी चणियाचोळी घालून गेली होती. फोन विझला, पुन्हा पेटला. "आजे गेट पासे ऊभो रहीश." म्हणजे आज गेटपाशी उभा राहीन. आरतीचा आवाज एकेकाच्या तोंडातून गळत गेला. शेवटी फक्त काका म्हणत होते, कारण त्यांना बारीक अक्षर दिसत नाही.

तिने फोनकडे हात नेला. काकांना तेवढं मात्र दिसलं. "हात लावू नकोस पोरी, पूजा मांडलीय. उद्यापर्यंत उचलायचं नाही."

ती हात तसाच हवेत ठेवून बसली आणि फोन पेटत राहिला. "जवाब केम नथी आपती?" उत्तर का देत नाहीस? आणि मग शेवटचा. "फोटो मोकल, नहीं तो तारा पप्पाने बधुं कही दईश." फोटो पाठव, नाहीतर तुझ्या पप्पांना सगळं सांगेन. पप्पा तबक घेऊन समोरच उभे होते आणि वाचत होते.

मी त्या वेळी तिचा चेहरा पाहिला. ती फोनकडे बघत नव्हती. दादाकडे बघत होती. कोण कुठला तो माणूस, तिला गेटपाशी गाठायला निघाला होता आणि या पोरीला भीती वाटत होती ती स्वतःच्या बापाची. ते पाहून माझं डोकं फिरलं ते आजही पुरतं ठिकाणावर आलेलं नाही.

दादाने तबक ठेवलं आणि फोन उचलला. पूजेत आहे, हात लावू नकोस, असं त्याला कुणी म्हणालं नाही. "कोण आहे हा? किती दिवस चाललंय? यासाठी घेऊन दिला होता का फोन?" प्रश्न एकामागून एक. उत्तराला जागाच नाही. वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या. थोरला खाली मान घालून. काका विचारत होते, "काय झालं? कुणाचा मेसेज आहे?" आणि दादा म्हणाला, "हिची थेरं! थांब, आत्ता हे अकाउंटच उडवतो. मूळच उपटून टाकतो."

मी त्याच्या हातातून फोन हिसकावला. सख्ख्या मोठ्या भावाच्या हातातून, आरतीच्या मध्ये. माझं ऑफिसातलं काम अपघाताच्या चौकशीचं आहे. वर्कशॉपमध्ये कुणाचं बोट मशीनमध्ये सापडलं तर पहिला नियम असतो की जागा धुवायची नाही, काही हलवायचं नाही. आणि दुसरं विचारायचं, मशीनला जाळी होती का? पोराने बोट का घातलं हे मागाहून. "तू हे उडवलंस तर तो माणूस सुटला," मी म्हणाले, "आणि हिची चित्रंही गेली. दोन वर्षांची चित्रं आहेत त्यात."

"चित्रं! चित्रं!" दादा ओरडला. "त्या चित्रांनीच घात केला. बंद सगळं. गरबा बंद, फोन बंद, ते कॉलेजबिलेजही डोक्यातून काढून टाक. आणि तू मध्ये पडू नकोस. तुला मुलं नाहीत, तुला काय कळणार?"

हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय. प्रत्येक वेळी ते सुरीसारखं लागावं अशी म्हणणाऱ्याची अपेक्षा असते. मी म्हणाले, "मला मुलं नाहीत म्हणूनच मला मूल दिसतं, अब्रू नाही दिसत." आणि फोन आणि पोर दोन्ही घेऊन स्वयंपाकघरात गेले, दार लोटून घेतलं.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. वर टांगलेल्या चक्क्यातून पातेल्यात पाणी ठिबकत होतं. ती रडत नव्हती. तिने मला पहिल्यापासून दाखवलं. त्या माणसाने आधी चित्रांचं कौतुक केलं होतं. हात छान काढतेस. हिने लिहिलं, थँक यू. मग त्याने लिहिलं, मीही चित्रकार आहे, तुझा हात बघू, तुझ्याच हाताचा फोटो पाठव. हिला ते खरं वाटलं, कारण ती स्वतः सगळ्यांचे हात बघत हिंडते. तिने आपल्या डाव्या हाताचा फोटो पाठवला. एवढाच तिचा गुन्हा. मग तो म्हणाला, आता चेहरा. मग आणखी काही. हिने नाही म्हटलं. मग तो म्हणायला लागला, तुझ्या पप्पांना सांगेन की तू अनोळखी पुरुषांना फोटो पाठवतेस.

"मला का नाही सांगितलंस? आईला तरी?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर फोन काढून घेतला असता, आत्या." ती म्हणाली. "आणि बघ, काढलाच ने."

आमच्या घरात तिला मदत मागायची किंमत ठरलेली होती, आणि ती त्या माणसाला बरोबर माहीत होती. त्याच्याजवळ तिला घाबरवायला दुसरं काय होतं? काही नाही. तिच्या बापाच्या जोरावर तो तिला दम देत होता.

"पण त्याला तुझी चणियाचोळी कशी कळली? गरब्याचं मैदान कसं कळलं? तुझ्या बाबांची माहिती कुठून?" मी विचारलं. तिच्या अकाउंटवर नुसते हात होते. एकही चेहरा नाही, शाळेचं नाव नाही, स्वतःचं खरं नावही तिने टाकलं नव्हतं. पंधरा वर्षांची सुद्धा नव्हती ती, पण तेवढं भान तिचं तिने ठेवलं होतं.

तिने माझ्याकडे बघितलं, मग पाटावर न मांडलेल्या, माझ्या पर्समधल्या फोनवर दादाचं अकाउंट उघडलं. सगळ्यांसाठी उघडं. कुणीही यावं, कुणीही बघावं.

तिथे काय नव्हतं? नवरात्रातला एकेक दिवस आणि एकेक चणियाचोळी. गळ्यात गरब्याचा पास, त्यावर मैदानाचं नाव आणि गेट, मोठं करून बघितलं तर वाचता येईल इतकं स्पष्ट. शाळेच्या युनिफॉर्ममधला बक्षीस घेतानाचा फोटो, खिशावर शाळेचा बिल्ला. गच्चीत केस वाळवतानाचा फोटो, मागे बिल्डिंगचं नाव. आणि एका फोटोखाली दादाने लिहिलं होतं, "माझी लेक, माझा अभिमान! तिची कला बघा," आणि खाली तिच्या त्या बिननावाच्या अकाउंटचा पत्ता. पोरीने दाराला लावलेली कडी बापाने बाहेरून काढली होती आणि वर दारावर पाटी लावली होती.

"मी बाबांना म्हटलं होतं, नका टाकू," ती म्हणाली. "ते म्हणाले, बापाला शिकवू नकोस."

मी तशीच बाहेर आले. आरती अर्धीच राहिली होती, काका अजून पाटासमोर. मी माझा फोन दादापुढे धरला आणि एकेक फोटो सरकवत गेले. "गेट कुणी दाखवलं? तू. शाळा? तू. घर? तू. चित्रांचं अकाउंट? तेही तू. तिने काय दाखवलं? डावा हात. आता बोल, फोन कुणाचा काढायचा?"

तो लाल झाला. "मी कौतुकाने टाकले. मुलीचं कौतुक करणं गुन्हा आहे काय?"

"कौतुक तिचं की तुझं? घरात तिला म्हणतोस, चित्रं काढून पोट भरतं का. आणि बाहेर म्हणतोस, माझी लेक, माझा अभिमान. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!"

काका म्हणाले, "पूजेच्या दिवशी भांडू नका. शांती राखा. आणि घरातली गोष्ट घरात राहू दे. आपल्या घराण्याचं नाव..." 

"घराण्याचं नाव आहे ना काका, या फोटोंखाली सगळीकडे लिहिलंय," मी म्हणाले. 

दादाला विचारलं, हे फोटो बघणारे इतके लोक आहेत, यांतल्या किती जणांना तू ओळखतोस? त्याने यादी बघायला सुरुवात केली आणि थांबला. कुणी कधी लग्नात भेटलेला, कुणी समाजाच्या ग्रुपमधला, कुणी नुसताच कुठलासा फुलाचा फोटो लावलेला. यांतलाच कुणी असेल किंवा नसेल. त्याच्या तोंडावर पहिल्यांदा भीती दिसली. पण भीती वाटली की आमच्या घरातले पुरुष एकच करतात, आवाज चढवतात. त्याने तिचा फोन माझ्याकडून मागून घेतला. मी त्याआधी सगळे मेसेज माझ्या फोनवर घेतले होते. तिचा फोन त्याने बंद केला, कपाट उघडलं आणि तलवारीच्या लाल फडक्याशेजारी ठेवून किल्ली जानव्याला बांधावी तशी स्वतःच्या कडदोऱ्याला अडकवली. "हवे हा फोन तलवारीसारखा. वर्षातून एकदा बाहेर."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. त्याचा स्वतःचा फोन पाटावर कुंकू-फूल लावून विश्रांती घेत होता.

त्या दिवशी मी घरी जाताना स्कूटरवर मोठ्याने बोलत होते. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघायला लागला. मला सगळ्यांचाच राग येत होता. "आजकालची पोरं बघा, सतत फोन," असं म्हणणाऱ्यांचा. दोन वर्षांच्या पोराला चार घास जावेत म्हणून त्याच्यापुढे फोन कोण धरतं? पोरगं? गृहपाठ फोनवर कोण पाठवतं, आणि तोच फोन बघितला म्हणून वर्गात कोण झापतं? पोरांची खेळायची जागा मोटारींना देऊन कोण बसलं? मुलीने काळोख पडायच्या आत घरात, आणि घरात बसून तिने करायचं काय, तर भिंत बघायची? तिच्यासाठी बाहेरचं एकेक दार आम्हीच लावत आलो, एक तेवढी खिडकी उरली, आणि तीत ती डोकावली तर आम्ही तिला खिडकीच्या सवयीबद्दल व्याख्यान देतो. आणि स्वतः? त्याच खिडकीत तिलाच सजवून उभी करतो.

दसऱ्याच्या सकाळी मी फाफडा-जलेबी घेऊन पुन्हा गेले. तक्रार करायला जाऊ या, म्हणाले. दादा म्हणाला, "पोलीस? मुलीचं नाव पोलिसांत? उद्या तिचं लग्न व्हायचंय." तिला अजून चौदावं संपायचं होतं. काकांनी आपट्याचं पान माझ्या हातात देऊन सांगितलं, "सोन्यासारखं वाग." मी पान घेतलं, पाया पडले आणि मनात जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

माझी एकटीची सही चालणार नव्हती, आईबापांपैकी कुणीतरी लागणार होतं. मी चपला घालत होते तेव्हा वहिनी आतून आल्या. सणाची साडी होती अंगावर, कपाळाला आदल्या दिवशीचं कुंकू. ज्या बाईने वीस वर्षांत दादापुढे "पण" हा शब्द उच्चारला नव्हता, ती म्हणाली, "वन्सं, थांबा. मी येते. सणाची सुट्टी संपल्यावर जाऊ, पण मी येते." आणि ऑफिसं उघडल्यावर खरंच आल्या, लेकीचा हात धरून. दादाला त्यांनी विचारलं नाही, सांगितलं.

सायबर पोलिसांत एक बाई होत्या. त्यांनी पोरीवर आवाज चढवला नाही, हे त्यांचे उपकार. सगळे मेसेज वाचले. मग दादाचे फोटो बघितले आणि विचारलं, "बेन, आ फोटा कोणे मूक्या?" हे फोटो कुणी टाकले?

वहिनी म्हणाल्या, "एना पप्पाए." हिच्या पप्पांनी.

त्या बाईंनी लिहून घेतलं. पुढे चौकशी झाली, तोपर्यंत त्या माणसाचं अकाउंट नाहीसं झालं होतं. तो कोण, कुठला, आम्हाला आजवर कळलेलं नाही. आज कुठल्या दुसऱ्या पोरीला तो तेच लिहीत असेल, "तारा पप्पाने कही दईश," आणि ती पोर गप्प बसली असेल, हे मनात आलं की माझा हात शिवशिवतो. नंतर दादाने फोटो काढले. सगळे नाही. काही "इतके छान आले होते" म्हणून ठेवले. वहिनींनी त्याच्या मागे बसून तेही काढायला लावले.

पोरीचा फोन मात्र कपाटातच राहिला. गृहपाठ वहिनींच्या फोनवर यायला लागला आणि ती आईच्या मागे मागे हिंडायला लागली. कागदाच्या दुकानात चल म्हटलं तर म्हणायची, "नको आत्या, आता काय करू कागद आणून?" चित्रं थांबली. मला सगळ्यात जास्त चीड आली ती याची. त्या माणसाने तिच्याकडून एक डाव्या हाताचा फोटो नेला होता. उरलेलं सगळं आम्ही घेतलं.

धनत्रयोदशीला कपाट उघडावंच लागतं, पूजेला दागिने काढायचे असतात. दादाने किल्ली वहिनींकडे दिली. वहिनींनी दागिन्यांचा डबा काढला आणि त्याबरोबर फोनही काढला. लेकीच्या हातात ठेवला. "लॉक लाव," म्हणाल्या, "आणि मलासुद्धा सांगू नकोस." दादा समोर होता. त्याने तोंड उघडलं. वहिनींनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. मी तिथे होते, म्हणून मी हे शपथेवर सांगू शकते की आमच्या घरातली तलवार त्या नजरेपुढे पहिल्यांदा मला बिनकामाची वाटली.

दिवाळीच्या पहिल्या सकाळी मी फराळाला गेले तर जिन्याच्या चौकात पोर गुडघ्यांवर बसली होती. रांगोळी काढत होती. मोर नाही, कमळ नाही. दोन हात. एका हातात पणती, आणि दुसऱ्या हाताचा पंजा तिच्या बाजूने धरलेला, वारा लागू नये म्हणून. अंगठ्याचा सांधा अगदी जिथल्या तिथे. दादा आतून बाहेर आला, रांगोळी बघितली आणि त्याचा चेहरा खुलला. खरंच खुलला, हे कबूल करायला हवं. आणि सवयीने त्याचा हात खिशाकडे गेला.

फोन बाहेर आला. तिने मान वर केली. मी जिन्यात होते, वहिनी दारात. मी तोंड उघडणार होते, पण वहिनींनी मला डोळ्यांनीच थांबवलं.

दादा फोन हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "तुझा नाही काढत. नुसत्या रांगोळीचा काढू?"

चौदा वर्षांत त्याने पहिल्यांदा काही करण्याआधी तिला विचारलं होतं. तिने बोटांवरचा रंग फ्रॉकला पुसला.

"नाही," ती म्हणाली.

दादाचा चेहरा पडला. मला त्याची दया आली नाही. त्याने फोन परत खिशात ठेवला, आणि मग, हातात काहीच नसल्यामुळे, वाकून रांगोळी बघायला लागला.